थंड करायला जाळ

फ्रिज आणून जागेवर ठेवला त्या दिवशी आईने मागे वाकून बर्नरकडे बघितलं आणि म्हणाली, "अरे, थंड करायला जाळ कशाला लावतोयस?" मी हसण्यावारी नेलं, पण रात्री तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, कारण खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं. लाइटचा भरवसा नाही अशा ठिकाणी गॅसवर पण चालणारा आणि विजेवर पण चालणारा फ्रिज मिळतोय म्हटल्यावर मी उड्या मारत सेकंडहँड उचलून आणला होता. माहितीपुस्तक सोबत मिळालं होतं, पण फ्रिजचं पुस्तक कोण वाचतं? ते वाचलं असतं तर पुढचा अर्धा मनस्ताप वाचला असता.

तर आधी आईचा प्रश्न. आपल्या नेहमीच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर असतो, मोटरवर चालतो, तोच मधूनमधून घुर्रर्र करतो. याच्यात कॉम्प्रेसर नाही, मोटर नाही, हलणारा असा एकही पार्ट नाही. मागच्या सीलबंद नळ्यांमध्ये पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेला असतो. खाली छोटा बॉयलर असतो, त्याला उष्णता दिली की पाण्यात विरघळलेला अमोनिया उकळून वर जातो, मागच्या पट्ट्यांमध्ये निवून पातळ होतो आणि मग फ्रिजच्या आतल्या नळीत हायड्रोजन भेटला की त्याची परत वाफ होते, आणि ही वाफ व्हायला जी उष्णता लागते ती तो आत ठेवलेल्या वस्तूंमधून ओढून घेतो. अंगावर स्पिरिट चोळलं की गार लागतं ना, तसंच. मग तो अमोनिया खाली येऊन पुन्हा पाण्यात विरघळतो आणि परत बॉयलरकडे. बॉयलरला उष्णता गॅसच्या ज्योतीने द्या नाहीतर विजेच्या हीटरने द्या, त्याला काही फरक पडत नाही. म्हणजे मागून बघितलं तर ही शेगडीच आहे, पुढून फ्रिज.

ही आयडिया १९२२ सालची, स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन पोरांची. आणि अजून एक गंमत म्हणजे खुद्द आइनस्टाइननेही लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर असाच एक बिनमोटरचा फ्रिज काढला होता, १९३० मध्ये त्याला अमेरिकेचं पेटंटही मिळालं. सापेक्षतावाद मांडणारा माणूस फ्रिजच्या मागे का लागावा असं वाटेल, पण त्या काळी कॉम्प्रेसरच्या फ्रिजमधून विषारी वायू गळायचे आणि माणसं मरायची, म्हणून त्यांना काहीच हलणार नाही आणि काहीच गळणार नाही असं यंत्र हवं होतं.

आता माझी चूक. वर लिहिलं त्यात पंप कुठेच नाही हे लक्षात आलं का? वर चढायचं ते उकळणाऱ्या बुडबुड्यांच्या जोरावर आणि खाली यायचं ते नुसतं उतारावरून. त्या नळ्यांचा उतार कारखान्यात मोजूनमापून दिलेला असतो आणि फ्रिज सरळ उभा असेल तरच तो उतार उतार राहतो. माझ्या खोलीच्या फरशीला दाराकडे ढाळ दिलेला आहे, धुतल्यावर पाणी जावं म्हणून, डोळ्याला जाणवतही नाही. मी फ्रिज तसाच ठेवला, पेटवला, आणि दोन दिवस वाट बघतोय. मागून हात लावला तर चटका बसेल इतका गरम, आत मात्र पाण्याची बाटली आहे तशीच कोमट. मी आपला नॉब वाढवत बसलो! म्हणजे जे करू नये नेमकं तेच, कारण वाकड्या फ्रिजमध्ये द्रव मध्येच साठून राहतो, बॉयलरकडे परत येत नाही आणि बॉयलर कोरडा तापत राहतो. नळ्या गंजू नयेत म्हणून आतल्या पाण्यात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, ते जास्त तापलं की त्याचे खडे होतात आणि नळीत अडकतात, मग तो फ्रिज कायमचा गेला. रिपेअर नाही, अख्खं कूलिंग युनिटच बदलायचं.

शेवटी गॅसच्या फिटरकाकांना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या बर्नर बघितलाच नाही, खिशातून बोटभर लांबीची पाणसळ काढली, फ्रिजचं दार उघडलं आणि फ्रीझरच्या तळावर ठेवली. बुडबुडा एका कडेला जाऊन चिकटला. "आधी हे बघा, मग मला फोन करा," एवढंच बोलले. मी म्हटलं काका मी फरशीवर ठेवून बघू का, तर म्हणाले फरशीचं काय करायचंय तुम्हाला, आतला फ्रीझर लेव्हलमध्ये पाहिजे, बाहेरचा पत्रा नाही. मग गॅस बंद करून फ्रिज पूर्ण गार होऊ दिला, पुढच्या दोन पायांखाली पाचरी सरकवल्या, पाणसळ आधी आडवी मग उभी ठेवून बुडबुडा दोन्ही वेळा मधोमध आणला, आणि एक अख्खा दिवस तसाच बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी पेटवला आणि पहाटे उठून बघतो तर फ्रीझरच्या भिंतीवर पांढरी साय धरलेली. नशीब म्हणायचं, खडे झाले नव्हते. फिरत्या गाडीत हाच फ्रिज बसवतात तेव्हा रस्त्यावर गाडी डुलते ती चालते, कारण ती सतत इकडून तिकडे होत असते, पण गाडी उताराला लावून रात्रभर फ्रिज चालू ठेवला की वाट लागली.

मागची हवा हा दुसरा मोठा विषय. बॉयलर आणि पट्ट्या जी उष्णता टाकतात ती कुठेतरी गेली पाहिजे, नाहीतर फ्रिज स्वतःच्याच उष्णतेत बसून राहतो. मी सुरुवातीला छान कोपरा बघून भिंतीला टेकवला होता, दिसायला मस्त. काकांनी मागच्या बाहेरच्या भिंतीत खाली एक झरोका आणि वर पट्ट्यांच्याही वरच्या उंचीला एक झरोका पाडायला लावला, म्हणजे गार हवा खालून येते, तापून वर जाते, धुरांड्यासारखी आपोआप ओढ लागते. आणि फ्रिजच्या कडेने पत्र्याची पट्टी लावून मागची जागा खोलीपासून पूर्ण तोडून टाकली, बर्नरला हवा बाहेरची आणि धूर पण बाहेरच. मला हे जरा जास्तच वाटलं होतं, नंतर कार्बन मोनॉक्साइडबद्दल वाचलं आणि गप्प बसलो. ज्योतीला हवा कमी पडली की हा वायू तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, माणसाला वाटतं दगदग झाली असेल. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं तर ती दगदग नाही, आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं. अमेरिकेत १९३३ ते १९५७ मध्ये बनलेल्या जुन्या गॅस फ्रिजमुळे अशी माणसं गेली, तिथला ग्राहक सुरक्षा आयोग ते फ्रिज वापरूच नका म्हणून सांगतो. ज्या छोट्या पोर्टेबल फ्रिजला बाहेर धूर सोडायची सोयच नसते, तो बंद खोलीत किंवा तंबूत गॅसवर लावून शेजारी झोपणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

म्हणून अलार्म दोन घेतले आणि दोन वेगळ्या उंचीवर लावले. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला की फरशीवर पाण्यासारखा पसरतो, त्यामुळे त्याचा अलार्म खाली. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून सगळीकडे जातो, त्याचा अलार्म वर, सोबतच्या कागदावर दिलेल्या उंचीला. दोन्ही एकाच जागी लावून मोकळे होणारे लोक मी बघितलेत.

गॅसची लाइन मी स्वतः जोडली नाही, तुम्हीही जोडू नका, पण काका काय करतायत ते शेजारी उकिडवा बसून सगळं बघितलं. आधी त्यांनी फ्रिजच्या आतल्या प्लेटवर कुठला गॅस आणि किती दाब लिहिलाय ते वाचलं, माझ्याकडे ३० मिलिबार आहे, तेवढ्याचाच रेग्युलेटर लावला. जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं टोक, तो पण गॅसप्रमाणे वेगळा असतो, नैसर्गिक वायूचा जेट एलपीजीला लावला तर भोक मोठं पडतं आणि ज्योत भडकते. सिलिंडर बाहेर, उभाच, आडवा पाडला की वाफेऐवजी पातळ गॅस लाइनमध्ये घुसतो. रबरी नळी फ्रिजच्या मागून अजिबात न्यायची नाही, तिथे ती भाजून तडकते, तिथपर्यंत तांब्याचा पाइप. आणि एक कॉक असा बसवला की फ्रिज न हलवता पुढून हात घालून बंद करता येतो. मग साबणाचं घट्ट पाणी ब्रशने प्रत्येक जॉइंटला लावलं. एका नटाच्या कडेने अगदी मोहरीएवढा फुगा आला, फुटला, परत आला. नुसता वास घेऊन कळला नसता इतका बारीक. काडी ओढून लीक बघणारे महाभाग अजून आहेत, त्यांना काय बोलणार.

पेटवायची पण पद्धत आहे. नॉब दाबून धरायचा, पिझोचं, म्हणजे ठिणगी पाडायचं बटण टक टक दाबायचं, ज्योत लागली तरी नॉब लगेच सोडायचा नाही, दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचा. ज्योतीत थर्मोकपलचं टोक असतं, ते तापलं की मिलिव्होल्टमध्ये मोजावी इतकी किंचित वीज तयार होते आणि तेवढ्यावर गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत विझली, टोक गार झालं, की व्हॉल्व्ह आपोआप बंद. त्यामुळे नॉब सोडला की ज्योत जाते अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा थर्मोकपल सरकलेलं किंवा खराब असतं, नॉब टेपने चिकटवून ठेवायचा "जुगाड" करू नका, तोच एक पहारेकरी आहे तिथे. नवीन सिलिंडर लावल्यावर लाइनमध्ये हवा असते, पहिल्या एक-दोन वेळा पेटत नाही, मग पाच मिनिटं थांबून परत.

ज्योत बघायचं भोक इतकं खाली आहे की जमिनीवर गाल टेकवावा लागतो, म्हणून मी तिथे एक छोटा हाताचा आरसा ठेवलाय. निळी, टोकदार, स्थिर ज्योत हवी. मागच्या महिन्यात आरशात पिवळी, लवलवणारी ज्योत दिसली, आणि कडेला काजळी. बंद करून काकांना बोलावलं तर बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं केलं होतं, म्हणे कोळ्यांना अशा नळ्या फार आवडतात. त्यांनी धुराच्या नळीतून ब्रश फिरवला, जेट काढून स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला आणि फुंकून साफ केला. मी सुई पुढे केली तर हात मागे घेतला, सुईने भोक एवढंसं जरी मोठं झालं तरी ज्योतीचं सगळं गणित बिघडतं.

विजेवर चालवताना एकच पाळायचं, गॅस आणि वीज एकाच वेळी नाही. लवकर गार होईल म्हणून दोन्ही चालू केले की दुप्पट गारवा मिळत नाही, बॉयलर जास्त तापतो आणि परत तेच खडे. माझ्या फ्रिजचा हीटर १२५ वॅटचा आहे, ऐकायला कमी वाटतं पण तो कॉम्प्रेसरसारखा अधूनमधून नाही, जवळजवळ सलग चालतो. तिसरा पर्याय १२ व्होल्टचा, तो फक्त गाडीचं इंजिन चालू असताना, कारण १२५ भागिले १२ म्हणजे दहा अँपियरच्या वर, शंभर अँपियर-तासांची बॅटरी साध्या हिशेबाने पण दहा तास पुरत नाही. आणि गाडीत असेल तर पेट्रोल भरायला जायच्या आधी ज्योत बंद, हे सांगायला लागू नये.

गार व्हायला वेळ लागतो हे मात्र खरंच मान्य करायचं. रात्री लावा, सकाळी सामान भरा, तेही आधीच गार केलेलं असेल तर उत्तम. आत थर्मामीटर ठेवलाय, पाच अंशांच्या खाली आहे ना बघतो, भर उन्हाळ्यात दुपारी तो सहा-सातला जातो, तेव्हा दार उघडायला घरात सक्त मनाई. आई तेव्हा मुद्दाम पाणी मागते.

बर्फ साठला तर बंद करून वितळू द्या, सुरीने खरवडू नका, कारण त्या भिंतीमागे जी नळी आहे तिच्यात गाडीच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त दाब असतो. आणि मागे नळ्यांवर कधी पिवळी पूड दिसली किंवा डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा उग्र वास आला, तर युनिट गळतंय. ज्योत बंद, वीज बंद, खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. ती पूड म्हणजे तेच क्रोमेट, विषारी आहे, हाताने पुसायला जाऊ नका.