स्कॉलरशिपवर कापलेले २,४०० डॉलर आणि १०४२-एस: माझा अनुभव

अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर शिकताना स्कॉलरशिपवरही टॅक्स लागतो, हे मला विद्यापीठाच्या फी-खात्यावरून कळलं. ऑगस्ट २०२४ मध्ये खात्यावर फीच्या रांगेतच ‘एनआरए टॅक्स’ (नॉनरेसिडेंट एलियन, म्हणजे करासाठी अनिवासी धरलेल्या परदेशींवरचा कर) अशी २,४०० डॉलरची नोंद दिसली. ती भरेपर्यंत पुढच्या नोंदणीवर होल्ड.

नियम असा आहे: ट्यूशन, सक्तीची फी आणि कोर्सला सगळ्यांनाच लागणारी पुस्तकं-साहित्य यांवर खर्च झालेली स्कॉलरशिप करमुक्त. राहण्या-जेवणासाठी, विमानाच्या तिकिटासाठी मिळालेला पैसा मात्र उत्पन्न. लॅपटॉप धरायचा असेल तर तो सक्तीचा असल्याचं सिलॅबसमध्ये लिहिलेलं हवं, ते पान जपून ठेवा. माझी हाउसिंग ग्रँट ८,००० डॉलरची. एफ आणि जे (एक्स्चेंज) व्हिसावाल्यांना दर १४ टक्के, म्हणजे १,१२० कापायला हवे होते. कापले ३० टक्क्यांनी.

घोळ झाला तो इथे. व्हिसाची कागदपत्रं आणि डब्ल्यू-८बीईएन (आपण परदेशी असल्याचं जाहीर करणारा फॉर्म) पूर्ण नसेल तर सिस्टिम आपोआप ३० टक्के लावते. मी सगळं वेळेत अपलोड केलं होतं, पण पलीकडे कोणी ते मंजूरच केलं नव्हतं. फी ऑफिस म्हणे पेरोलला विचारा, पेरोल म्हणे इंटरनॅशनल ऑफिसला, आणि तिथले परत फी ऑफिसकडे पाठवत. सप्टेंबर ते फेब्रुवारी हेच चाललं. या काळात एकानेही सांगितलं नाही की जास्तीची कपात विद्यापीठ स्वतः परत करू शकतं, पण १०४२-एस (परदेशींना दिलेली रक्कम आणि त्यावर कापलेला टॅक्स दाखवणारा विद्यापीठाचा फॉर्म) दाखल होण्याआधी आणि फार तर १५ मार्चपर्यंतच. म्हणून फोनवर विसंबू नका. पहिल्याच आठवड्यात ईमेल करा, त्यात ‘१४ टक्के’, ‘एफ-१’ आणि अपलोडची तारीख लिहा आणि मंजुरी कोणत्या डेस्कवर अडली आहे ते विचारा. मला हे खूप उशिरा समजलं, त्याची चीड अजून आहे.

१०४२-एस हातात आला की चार चौकटी बघा. १ मध्ये कोड १६, म्हणजे स्कॉलरशिप. २ मध्ये रक्कम, ३बी मध्ये दर, ७ए मध्ये कापलेला टॅक्स. माझ्या ३बी मध्ये ३०.०० होतं. मग उरला एकच मार्ग, रिटर्नमधून परत मागणं.

आणि इथे आपल्याला मोठा आधार आहे. इतर बहुतेक देशांच्या नॉनरेसिडेंट विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट वजावट) मिळत नाही, भारतीयांना मिळतं: १९८९ च्या भारत-अमेरिका कर-कराराचं कलम २१(२). २०२४ साठी ते १४,६०० डॉलर होतं. माझी ग्रँट ८,००० आणि कॅम्पसवरच्या नोकरीचे ५,०००, मिळून १३,०००. फेडरल टॅक्स शून्य, म्हणजे पूर्ण २,४०० परत. डिडक्शनच्या ओळीशेजारी कराराचा उल्लेख लिहायला विसरू नका.

रिटर्नसाठी नॉनरेसिडेंटचा फॉर्म १०४०-एनआरच हवा, सोबत ८८४३ (अमेरिकेत किती दिवस होतो ते सांगणारा फॉर्म). नेहमीच्या सॉफ्टवेअरमधून साधा १०४० भरला गेला तर १०४०-एक्सने दुरुस्त करत बसावं लागतं. १०९८-टी (फीची माहिती देणारा विद्यापीठाचा फॉर्म) आला म्हणून शिक्षणाची टॅक्स-क्रेडिट घेऊ नका, नॉनरेसिडेंटला ती लागू नाही. पगार असेल तर मुदत १५ एप्रिल. डब्ल्यू-२ (पगाराचा फॉर्म) जानेवारीअखेर येतो, १०४२-एस मार्चच्या मध्यापर्यंत. डब्ल्यू-२ आला की लगेच रिटर्न भरून मोकळे होऊ नका. उत्पन्न काहीच नसलं तरी ८८४३ पाठवायचाच. सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर रिटर्नसोबत डब्ल्यू-७ जोडून आयटीआयएन (करासाठीचा क्रमांक) मागावा लागतो.

स्प्रिंग सत्राची ग्रँट डिसेंबरातच खात्यावर जमा झाली तर ती त्याच वर्षात मोजली जाते, तेव्हा तारखा स्टेटमेंटवरून ताडून बघा. १०४२-एसवरच्या रिफंडला सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. मित्राचा तीन आठवड्यांत आला म्हणून पुन्हा रिटर्न पाठवू नका. आणि डब्ल्यू-२ च्या ४ आणि ६ या चौकटी रिकाम्या आहेत ना, तेही बघा. एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (पेन्शन आणि आरोग्य-योजनेसाठीचे टॅक्स) कापायचं नसतं. कापलं असेल तर आधी पेरोलकडूनच परत मागा.