8 फुटी टेबलवर बिलियर्ड्‌स: पांढऱ्याचं कोडं सुटलं

सुटलं एकदाचं! गेल्या काही नोंदींमध्ये मी ज्या इन-ऑफची (आपला बॉल दुसऱ्या बॉलला लागून पॉकेटमध्ये जाण्याच्या शॉटची) रड गात होतो, तो आता पडतोय. हळू मारला तरी पडतो, जोरात मारला तरी पडतो. आमच्या घरच्या 8 फुटी पूल टेबलवर आता इंग्लिश बिलियर्ड्‌स खऱ्या अर्थाने खेळता येतं (तीनच बॉल: दोघांचा एकेक आणि एक लाल), आणि खरं सांगतो, नेहमीच्या एट-बॉल पूलचा, बॉल रचायचा त्रिकोण गेल्या आठवड्यापासून कोपऱ्यात पडून आहे.

मांडणी मागच्या वेळेसारखीच. मोठ्या 12 फुटी टेबलची खेळायची जागा 11 फूट 8½ इंच बाय 5 फूट 10 इंच असते, आपल्या 8 फुटीची 88 बाय 44 इंच. दोन्हींचं प्रमाण जवळजवळ 2:1, म्हणून सगळी मापं 0.63 ने गुणली. बॉल्क लाइन, म्हणजे खालच्या कुशनपासूनची (रबरी कडेपासूनची) आडवी रेघ, 29 इंचांऐवजी 18, जिथून बॉल मारायला सुरुवात होते त्या रेघेवरच्या अर्धवर्तुळाची, म्हणजे डीची त्रिज्या 11½ ऐवजी सव्वासात, लालचा स्पॉट वरच्या कुशनपासून 12¾ ऐवजी 8 इंच. कापडावर शिंप्याच्या खडूने रेघ आणि पुठ्ठ्याचा साचा ठेवून डी काढला. (कापडात टाचणी रोवून दोऱ्याने डी काढायचा सल्ला देणाऱ्यांनी स्वतःच्या टेबलवर खुशाल रोवावी.) बॉल पूलच्या संचातलेच: पांढरा, पिवळा म्हणून 1 नंबर आणि लाल म्हणून 3 नंबर. गुण असे: कॅनन (आपला बॉल बाकी दोन्ही बॉलना लागणं) 2, लालचा पॉट (तो पॉकेटमध्ये घालवणं) किंवा लालवरून इन-ऑफ 3, दुसऱ्याच्या बॉलवर 2.

प्रमाण तेच म्हणजे कोन तेच. लाल मधल्या स्पॉटवर ठेवून डीमधून हाफ बॉल (आपल्या बॉलचा मध्य लालच्या कडेवर धरून) मारला की आपला बॉल वरच्या कोपऱ्यात जायला हवा. या खेळाचा पायाच तो शॉट. आणि तोच होत नव्हता. पांढरा हळू सोडला की पॉकेटच्या अलीकडे चार बोटं, वरच्या कुशनवर. जोर लावला की उलट, पॉकेटच्या खाली बाजूच्या कुशनवर. म्हणजे एकदा कमी वळतोय आणि एकदा जास्त. डीमधली जागा कितीही सरकवा, एक वेग जमवला की दुसरा बिघडायचा.

नेहमीचे संशयित आधी तपासले. स्पिरिट लेव्हल लावून पाय पुन्हा बसवले, टेबल सपाटच होतं. पावसाळ्यात कापड ओल धरतं आणि बॉल जड चालतो, म्हणून खोलीत दिवसभर डिह्युमिडिफायर चालवला. वेग थोडा सुधारला, कोन जिथल्या तिथे. कापडाच्या लवेचा तर प्रश्नच नाही, आपलं पूलचं वर्स्टेड कापड, त्याला स्नूकरच्या कापडासारखी लव नसते. इथे तुमच्यापैकी एकाने 52.5 मिमीचे स्नूकर बॉल आणायला सुचवलं होतं. त्याला माझा विरोध कायम आहे. पूल टेबलच्या कुशनचं नाक 57.2 मिमीच्या बॉलसाठी, म्हणजे व्यासाच्या साधारण 63.5 टक्के उंचीवर बसवलेलं असतं. लहान बॉलला ते फार वर लागतं, बॉल खाली दाबला जातो आणि कुशन मेल्यासारखी वागते. वर पॉकेटं आणखी मोठी होतात ते वेगळंच.

धागा मिळाला तो शेजारच्या काकांमुळे. तरुणपणी जिमखान्यात मार्करच्या (टेबल सांभाळणाऱ्या, गुण मांडणाऱ्या माणसाच्या) हाताखाली शिकलेले, आता रोज संध्याकाळी चहा घेऊन आमच्याकडे येतात. परवा फ्रेम संपल्यावर खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "अरे, तू पिवळा घेतोस तेव्हा तुझे पडतात, मी घेतो तेव्हा माझे. कोनाचं काय घेऊन बसलायस, आधी तो पांढरा बघ."

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणला. बॉल घरंगळू नये म्हणून त्यावर बाटलीचं झाकण उलटं ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि एकेक बॉल ठेवत गेलो. रंगीत पंधराच्या पंधरा 161 ते 163 ग्रॅम. पांढरा 174! व्हर्नियरने व्यास मोजला तर तंतोतंत इतरांइतकाच, म्हणून डोळ्यांना कधी कळलं नाही. मग जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक पांढऱ्याजवळ धरला. बॉल जागचा हलला, आणि हळूच गडगडत चुंबकाकडे आला. हे पाहून काका चहा विसरले.

म्हणजे हा नाणं टाकून खेळायच्या टेबलांचा बॉल. तिथे चुकून पांढरा पॉकेटमध्ये गेला की तो वेगळ्या वाटेने परत यावा लागतो, म्हणून त्यात लोहकण घालतात किंवा तो मुद्दाम जड करतात. मूळ पांढरा टवका उडून गेल्यावर बदली बॉल शहरातल्याच एका दुकानातून आणला होता आणि डब्यावर ठळक अक्षरांत "टूर्नामेंट" छापलं होतं. पूल बॉलचं नियमातलं वजन 156 ते 170 ग्रॅम. ज्या डब्यावर वजन लिहिलेलं नाही तो बॉल घेऊ नका, दुकानदार काहीही सांगो. मी यापुढे सुटा पांढरा घेतला तर अ‍ॅरामिथचा सहा लाल ठिपक्यांचाच घेईन. महाग आहे, पण फिरकी डोळ्यांना दिसते आणि वजनाची खात्री असते.

आता 12 ग्रॅमने एवढं काय बिघडतं? हिशोब करून पाहिला. दोन्ही बॉल सारख्या वजनाचे आणि आपला बॉल स्वच्छ गडगडत आलेला असेल, तर हाफ बॉल लागल्यावर तो मूळ दिशेपासून साधारण 34 अंश वळतो. बिलियर्ड्‌समधला नॅचरल अँगल म्हणतात तो हाच, आणि त्याची खुबी अशी की लाल थोडा जाड किंवा पातळ लागला तरी हा कोन फारसा बदलत नाही. आपला बॉल साडेसात टक्के जड असला की धडकेनंतरही तो पुढे रेटत राहतो आणि वळण सुमारे 2 अंशांनी कमी होतं. मधल्या स्पॉटपासून कोपऱ्यापर्यंत आपल्या टेबलवर सव्वाशे सेंटिमीटर अंतर. तेवढ्या वाटेवर 2 अंश म्हणजे चार-साडेचार सेंटिमीटर. पॉकेटचं तोंड साडेअकरा सेंटिमीटर, बॉल पावणेसहा, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून सूट तेवढीच, एका बाजूला तीनही नाही. पॉकेटच्या अलीकडे का, याचं उत्तर काट्यावरच होतं.

उपाय फुकटात झाला. पांढरा बाजूला ठेवला आणि रंगीतांमधून वजनाला जुळणारे तीन निवडले: पट्ट्याचा 9, पट्ट्याचा 14 आणि लाल 3. मी 9 घेतो, काका 14. तिघांत एका ग्रॅमचाही फरक नाही. पिवळा 1 मुद्दाम टाळला, लांबून तो आणि 9 सारखेच दिसतात.

हळू शॉट त्याच संध्याकाळी पडायला लागले. जोरातले मात्र अजूनही बाजूच्या कुशनवर. इथेच हे कोडं इतकं चिवट का होतं ते कळलं: कारणं दोन होती आणि एकमेकांच्या उलट ओढत होती.

दुसरं कारण अंतर. मोठ्या टेबलवर बॉल्क लाइनपासून मधल्या स्पॉटपर्यंत 41 इंच मिळतात, आपल्याकडे 26. मध्यावर मारलेला बॉल सुरुवातीला कापडावरून घसरत जातो, मग गडगडायला लागतो. हळू शॉटमध्ये तो फूटभराच्या आत गडगडू लागतो. जोरात मारला तर लालपर्यंत पोचला तरी तो घसरतच असतो, म्हणजे आपण न मागता स्टन होतो (न गडगडता नुसता घसरत आदळतो), आणि स्टन झालेला बॉल फार रुंद फुटतो, म्हणजे जास्त वळतो. म्हणून जोराच्या शॉटला इथे टॉप (मध्याच्या वर टोला) द्यायलाच हवा. मध्यापासून त्रिज्येच्या दोन पंचमांश वर, म्हणजे आपल्या बॉलवर सुमारे 11 मिमी वर क्यूची टिप लागली, की बॉल पहिल्या क्षणापासून गडगडत निघतो.

11 मिमी नजरेने कसे ओळखायचे? पट्ट्याचा बॉल इथे कामाला आला. डीमध्ये बॉल ठेवताना पट्टा आडवा ठेवायचा आणि त्याच्या वरच्या कडेच्या किंचित आत नेम धरायचा. शॉट झाला की बॉल उचलून बघायचा. पिवळ्या पट्ट्यावर निळ्या चॉकचा ठिपका कडेच्या लगेच खाली उमटला असेल तर बरोबर. मध्यावर दिसला तर हात खाली उतरलाय. माझा ठिपका सुरुवातीला कायम मध्यावर आणि जरा उजवीकडे यायचा. तो कडेपाशी सरकला त्या संध्याकाळी पहिला जोराचा लांब इन-ऑफ पडला. मऊ नाही, पॉकेटच्या मागच्या चामड्यावर दणकन आपटून. लाल वरच्या कुशनला लागून परत बॉल्कच्या दिशेने उतरत आला आणि पुढच्या इन-ऑफसाठी जणू ठेवल्यासारखा उभा राहिला. काका फक्त "हं, आता खेळ" एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे खूप झालं.

विल्सन जोन्स आपल्या पुण्यात जन्मलेले, 1958 मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्‌स जिंकून भारताचे पहिले जगज्जेते झाले, 1964 मध्ये पुन्हा जिंकले. त्यांच्या शहरात आज पार्लरमध्ये बिलियर्ड्‌सचे तीन बॉल मागितले तर पोरं बघत राहतात. घरच्या टेबलवर हा खेळ जगला तर मला मनापासून आनंद आहे.

एक प्रश्न अजून शिल्लक: इन-ऑफ आता जास्तच पडतात. मोठ्या टेबलचं पॉकेट साडेतीन इंचांच्या आसपास, बॉलच्या 1.7 पट. आपलं कोपऱ्याचं दुप्पट, मधलं त्याहून मोठं. मूळ नियमात लागोपाठ 15 हॅझर्डची (पॉट किंवा इन-ऑफची) मर्यादा आहे. आम्ही ती 5 वर आणली, मग कॅनन केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. याने खेळ एकदम सुधारला, कारण आता तिसऱ्या इन-ऑफपासूनच दुसऱ्याचा बॉल कुठे आहे याचा विचार करावा लागतो. लाल स्पॉटवरून लागोपाठ दोनदा पॉट झाला की मधल्या स्पॉटवर, हा नियम जसाच्या तसा ठेवला.

पूलच्या बाकी खेळांचं थोडक्यात. क्रिबेज (बेरीज 15 होणारे दोन बॉल लागोपाठ पाडायचे) जोरात आहे. भाचीला पंधराच्या जोड्या तोंडपाठ झाल्यात, 6 पडला की माझ्याआधी तीच 9 कुठे आहे ते दाखवते. एकट्याने खेळायला बोलियर्ड्‌सइतकं चांगलं काही नाही हे मत अजून पक्कं झालं. दहा फ्रेम, प्रत्येकीत दहा बॉल, दोन संधी, गुण बोलिंगसारखे. वन पॉकेट (प्रत्येकाचं एकच ठरलेलं पॉकेट) सध्या बंद, काकांना सेफ्टीची (समोरच्याला सोपा शॉट न ठेवण्याची) लढाई आवडते आणि एक फ्रेम जेवणाची वेळ गाठते.

पुढे काउबॉय पूल लावणार होतो, 1, 3, 5 आणि पांढरा, 101 गुणांपर्यंत. वजनं जुळलेली आहेत, पांढऱ्याच्या जागी 9 चालेल. पण हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलंय: याच टेबलवर कॅरम. सात भरीव, सात पट्ट्यांचे, आणि 8 म्हणजे राणी! निदान एक आपली सोंगटी गेल्यावर राणी घेता येईल, लगेच पुढच्या शॉटला कव्हर, नाही जमलं तर राणी परत स्पॉटवर. क्यू बॉल गेला की एक बॉल परत बाहेर. जिंकणाऱ्याला समोरच्याचे उरलेले बॉल तितके गुण, राणीचे 3, गेम 25 चा. एट-बॉलमध्ये 8 शेवटपर्यंत नुसता उभा असतो, इथे तो दुसऱ्या शॉटपासून खुणावेल. काउबॉय थांबेल, या रविवारी हेच. कव्हरसाठी पॉकेट आधी सांगायचं की नाही यावर तुमचं मत हवंय. मला वाटतं सांगायचं, नाहीतर एवढ्या रुंद पॉकेटांत कव्हरही नशिबाने पडेल.

मापं विचारणाऱ्यांसाठी: 78 बाय 39 इंचांच्या 7 फुटी टेबलवर बॉल्क 16, डी 6½ पेक्षा किंचित कमी, स्पॉट 7 इंच. 9 फुटीवर बॉल्क 20½, डी सव्वाआठ, स्पॉट 9. खडू हातात घेण्याआधी बॉल काट्यावर ठेवा, आणि तीन बॉल एका ग्रॅमच्या आत जुळले की मगच रेघ ओढा.