दोन्हीकडची तयारी

२० मे, रात्री उशिरा

मलावीतल्या मचिंजीहून, आमच्या शेंगदाणा पिकवणाऱ्या बायकांच्या गटाच्या खजिनदारबाईंचा व्हॉइस मेसेज आलाय. मागे कोंबड्यांचा गलका, कुणीतरी खळखळून हसतंय, आणि मधे एवढाच प्रश्न: तुझ्या आईला कोणता रंग आवडतो? जुलैअखेर तिथली माझी स्वयंसेवकाची मुदत संपते, त्याआधी गटाला आईसाठी चितेंजेचं, म्हणजे तिकडे बायका कमरेला गुंडाळतात ते छापील कापड घ्यायचंय. वर्गणीसुद्धा काढून झाली म्हणे. सकाळी ऐकला, दुपारी पुन्हा ऐकला, आणि उत्तर काही दिलं नाही. रंग ठाऊक आहे. दुकानात आईला मोरपंखीशिवाय दुसरं काही दिसतच नाही. तरी लिहवेना.

इकडे आईचंही तेच. ताईच्या लग्नाचा मांडव आत्ता कुठे उतरलाय, तोवर हिने माझी बॅग काढली. पिंपळगावहून बेदाणे मागवलेत. वर्तमानपत्रावर पसरून एकेकाचा देठ खुडत बसली होती. "तुझ्या त्या बायकांना दे. म्हणावं, पोरीला सांभाळलंत, फार केलंत." हिशोब मिटवल्यासारखं बोलत होती.

मला लागलं ते हेच. दोन्हीकडच्यांनी परस्पर माझा निरोप उरकायला घेतला आणि मी मधे नुसती सामान पोचवणारी. तिकडे कुणी म्हणत नाही की अजून एक हंगाम थांब. इकडे कुणी विचारत नाही की तुला यायचंय का. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, तेही मला माहीत नाही. पहिल्या पावसाळ्यात मलेरियाने पडले होते तेव्हा याच घरासाठी रडले होते. ते जाऊ दे.

लग्नात तर जो तो एकच वाक्य घेऊन आलेला: "बरं झालं, आता कायमची येणार." काकू म्हणाल्या, दोन वर्षं नुसत्या निर्वाहभत्त्यावर काढलीस, आता मार्गाला लाग. पुढचा विषयही त्यांनी काढलाच. त्यावर आज लिहिणार नाही.

पण मी तिकडे का गेले त्याची सुरुवात याच घरात आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा आमच्याकडे कित्येक दिवस कुणाला धड घास गेला नव्हता. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीपायी वर्षभराचा माल नाकारला जातो म्हणजे काय, हे मला कुणी वेगळं शिकवायला नको होतं. मलावीत शेंगदाण्याचं तेच दुखणं. शेंगा नीट वाळल्या नाहीत की बुरशी धरते, बुरशीतून अफ्लाटॉक्सिन, आणि ते विष यकृत खातं. भाव पडणं ही तर त्याच्या पुढची गोष्ट. म्हणून शेंगा आत, पाला बाहेर, मधे वाऱ्याला पोकळी ठेवून गोल ढीग रचायचा. त्याला तिकडे मंडेला कॉक म्हणतात. आपल्याकडे कांदा उपटला की एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर घालून शेतातच सुकवतात, त्याचीच ही बहीण.

मेसेजबरोबर त्या ढिगांचे फोटोही आलेत. इतके देखणे रचलेत की नाव ठेवायला जागा नाही. आणि मी फोटो मोठा करकरून जागा शोधत होते. त्यांना जमलं याचा आनंद आधी व्हायला हवा होता. तो झाला, पण मागाहून.

संध्याकाळी बाबांबरोबर आडगावच्या मळ्यात गेले. चाळीत उन्हाळी कांदा भरणं चाललंय. बाबा गुडघे टेकून तळाच्या बांबूंच्या फटीत हात घालून बघत होते, खालून वारा खेळतो की नाही ते. मी त्यांना वर्गणीचं सांगितलं. हात तसाच आत ठेवून म्हणाले, "शेंगा विकल्या का त्यांनी?"

नाही. शेंगा अजून ढिगातच आहेत. फोडायच्या जूनमध्ये, विकायच्या त्यानंतर.

"मग पैसे कुठून आणले?"

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. घरात मका आहे, पण हातात रोकड नाही असे हे दिवस. कुणी कोंबडी विकली असेल, कुणी दळणाच्या पैशातून मागे टाकले असतील. मला घालवायची घाई झालेल्या बायका असं करत नाहीत. मुदत म्हणजे मुदत, हे त्यांना माझ्याहून जास्त कळतं. पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवक संस्थेची पोरं १९६३ पासून मलावीत येतात आणि जातात. खजिनदारबाईंच्या आईने आपल्या शाळेतल्या अशाच एका मास्तरला निरोप दिला होता, ते त्यांनी मला मागे सांगितलंय. माणूस जाणार हे धरूनच त्या जीव लावतात. थांब म्हणून मला अवघडात टाकायचं नाही, नीट पाठवणी करायची, असं त्यांनी ठरवलेलं दिसतंय. आणि आपल्याकडे तरी निघालेल्या मुलीला कोण अडवतं? परवा आई ताईच्या बॅगेत लाडवांचा डबा कोंबत होती, डोळे पुसत होती, पण थांब म्हणाली नाही.

मी त्यांना नकोशी झाले नाही, एवढं आता पटलंय. तरी एकदा कुणीतरी थांब म्हणायला हवं होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही असू दे.

मोरपंखी, असं कळवून टाकलं. तिकडे आपल्या साडेतीन तास मागे, जेवणं व्हायची असतील.

शनिवारी निघायचं. मुंबई, अदिस अबाबा, लिलाँग्वे, मग बस. माझं एक काम अजून राहिलंय. शेंगा हाताने फोडताना टरफल मऊ पडावं म्हणून बायका त्या भिजवतात, आणि एवढ्या कष्टाने वाळवलेला माल पुन्हा ओला होतो. त्यासाठीच हाताने फिरवायचं यंत्र आणलं, तर त्याच्या जाळीत सीजी-७ या तिकडच्या भुईमुगाच्या वाणाचा जाड दाणा फुटतो. बाबा म्हणाले, जाळी इथूनच करून ने. उद्या अंबडला एका वर्कशॉपमध्ये कापून घ्यायची. कोणत्या मापाची, यावर आमचं जेवताना एकमत झालं नाही, म्हणून दोन्ही मापांच्या नेणार आहे.