येझदीचा सिलिंडर आणि पावसाळी हवा

आज कुर्ल्याच्या गाळ्यात दिवसभर जुन्या येझदी 250 मोटारसायकलचा सिलिंडर. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 65 मिमी, हा 65.50चा होऊन पुन्हा अंडाकृती झालाय. म्हणजे आता 65.75चा पिस्टन. म्हैसूरचा कारखाना 1996 सालीच बंद झाला, त्यामुळे बाजारात येतील ते पिस्टन. डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, पिस्टनच्या स्कर्टला (खालच्या भागाला) मायक्रोमीटर लावा आणि मगच सिलिंडर बोअरिंगला (आतून कापून मोठा करायला) द्या.

बोअरिंगनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या भोकांच्या) कडा वस्ताऱ्यासारख्या धारदार राहतात. त्या दगडाने मोडल्या नाहीत तर पिस्टनवरची रिंग अडकून तुटते. येझदीसारख्या टू-स्ट्रोक इंजिनाची रिंग फिरत नाही, खाचेतल्या पिनवरच तिचं तोंड बसायला हवं. रिंग बोअरमध्ये पिस्टननेच ढकलली, तिच्या तोंडाच्या फटीत फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला: 0.25 मिमी. झकास.

होनिंग (आतली भिंत दगडाने घासणं) झालं की गरम साबणपाण्याने धुवायचं, पुसायचं आणि लगेच तेल. या हवेत चहा पिऊन येईपर्यंत बिडावर (ओतीव लोखंडावर) तांबूस झाक येते!

इंजिन बिघडवणारे खरे चोर मात्र क्रँकचे (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचे) रबरी ऑइल सील. डायनमोच्या बाजूचं गेलं की हवा आत खेचली जाते, पेट्रोल कमी पडतं, पिस्टन जाम. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअर ऑइल जळून पांढरा धूर. आणि लोक शिव्या घालतात कार्ब्युरेटरला.