ड्रममध्ये झकास, खाडीत बंद

जेट्टीला होडी लावताना मेव्हणा फळीवरून गुडघ्यांवर आपटला, मांडीवरचं टोपलं उलटलं आणि सकाळभर गळाने गरवलेले मुडदुशे मासे होडीत चहूकडे सांडले. वर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "अरे, लावतंस काय फोडतंस?" दोष माझ्या हाताचा नाही, मशीनचा आहे, असं त्यांना सांगणार होतो. पण नाळेचा टवका उडालेल्या होडीच्या मालकाचं कोण ऐकून घेतो?

होडी १७ फुटी, फायबरची. मशीन, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं इंजिन, १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, जुनं घेतलेलं, हँडलची मूठ पिरगळून रेस द्यायचं. मालवणजवळ कर्ली खाडीत देवबागच्या बाजूला गरवायला जाण्यापुरतं. पळवताना काही तक्रार नाही. दुखणं सगळं हळू चालवताना. मूठ जरा मागे घेतली की मशीन गप, जरा पुढे केली की होडी उडी घेणार. मधलं काही नाहीच. आणि जेट्टीला लागताना, जाळ्यांच्या बोयांमधून वाट काढताना जे काय लागतं ते मधलंच लागतं.

आता सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही, गावही सांगत नाही. टेम्पोने दोन तास लागतात एवढं पुरे. ३६ किलोचं मशीन होडीवरून उतरवायचं, वाळूतून वर आणायचं, गोणपाटात गुंडाळून टेम्पोत आडवं घालायचं. हे मी तीनदा केलं.

पहिल्या वेळी त्यांनी कार्ब्युरेटर धुतला. मशीन पाण्याच्या ड्रममध्ये लावून दाखवलं. शिवणयंत्रासारखं चाललं. मी खूश. घरी आणून खाडीत उतरवलं, गिअर टाकला, बंद.

दुसऱ्या वेळी त्यांनी स्लोचा स्क्रू, म्हणजे मूठ सोडल्यावर मशीन किती फिरावं ते ठरवणारा, पिळून रेस वाढवून दिली. आता बंद पडायचं थांबलं, पण गिअर टाकला की आतून खडाक् आवाज यायचा आणि होडी मूठ न फिरवताच धावत सुटायची. मेव्हण्याचे गुडघे फुटले ते या खेपेनंतर. तो खडाक् आवाज नुसता कानाला वाईट नाही. चढ्या रेसवर गिअर टाकत राहिलं की आतल्या क्लचचे दात झिजतात, आणि तो खर्च कार्ब्युरेटरच्या कितीतरी पट.

तिसऱ्या वेळी निदान आलं: मुठीपासून कार्ब्युरेटरला जाणारी केबल बदला. केबल यायला १९ दिवस. मी दर दोन दिवसांनी फोन करायचो, पलीकडून "सर, डिस्पॅच झालीये" आणि मागे तोच रेडिओ. सप्टेंबर संपत आला होता. आधीच जून-जुलै मासेमारी बंदीचे, नारळी पौर्णिमा होऊनही महिना उलटलेला, शेजारच्या होड्या रोज जातायत आणि माझी नारळाखाली पालथी. नवी केबल लागली, पैसे दिले, घरी आलो. फरक शून्य.

मी तिथे काउंटरवर म्हटलं होतं, "एकदा पाण्यात घालून बघा ना." त्यावर पोरगा अगदी मनापासून म्हणाला, "सर, ड्रममध्ये पाणीच आहे." आणि जॉब कार्डावर लिहिलं, 'ट्रायल ओके'. तिन्ही कार्डांवर तेच, एकाच अक्षरात.

त्या ड्रममधल्या ट्रायलमध्येच सगळी गोम होती. ड्रममध्ये लावताना ते पंखा काढून ठेवतात, पाणी जेमतेम पंपाच्या वर, मशीन न्यूट्रलला. म्हणजे ओझं काहीच नाही. खाडीत मशीनचा पाय खोल बुडालेला असतो, धुराला पाणी ढकलत बाहेर यावं लागतं, आणि गिअर टाकला की पंखा फिरवायचा भार येतो. ड्रममध्ये मिनिटाला जे फेरे टिकतात ते इथे १०० ते १५० ने खाली येतात. तिथे काठावर असलेलं मशीन इथे मरणारच. मग ते मरू नये म्हणून रेस चढवली की होडी उधळणारच. हे मला डॉल्फिन दाखवायला होडी नेणाऱ्या एका मुलाने सांगितलं, तेही भजी खाता खाता: "काका, स्लो गिअरात लावतत. ड्रमात नाय." तीन खेपा, १९ दिवस, आणि उत्तर भजीच्या गाडीवर.

मग मीच बसलो. आधी मुठीतला प्ले, म्हणजे ढिलाई, पाहिला. झाकण काढून मूठ हळूहळू फिरवली आणि कार्ब्युरेटरच्या लिव्हरकडे बघत राहिलो. मूठ बोटभर फिरेपर्यंत लिव्हर ढिम्म, आणि मग एकदम टुणकन हलायची. म्हणजे हळू चालवायचा सगळा टप्पा या ढिलाईतच वाया जात होता. माझ्या मशीनला दोन केबल आहेत, एक ओढायला, एक परत आणायला. नवी केबल त्यांनी बसवली, पण तिचा ताण धरणारे चेकनट जिथल्या तिथेच आवळले. १० नंबरचा पाना, दहा मिनिटं. केशभर प्ले ठेवायचा, पार ताणायची नाही; नाहीतर हँडल वळवलं की रेस आपोआप वाढते. कडेच्या प्लास्टिकच्या बुशला ग्रीसही लावलं. मिठाने तो पांढरा पडला होता.

मग स्लोचा जेट, म्हणजे हळू चालताना पेट्रोल सोडणारी कार्ब्युरेटरमधली बारीक भोकाची नळी. टू-स्ट्रोकला लिटरमागे २० मिली ऑइल घालतो आपण. पावसाळ्यात मशीन पडून राहिलं की पेट्रोल उडून जातं आणि ऑइल त्या सुईएवढ्या भोकात चिकट होऊन बसतं. त्यात हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं. जेट उजेडाकडे धरला तर पलीकडचं आभाळ दिसायला हवं, मला करडं काहीतरी दिसलं. तार घालू नका, भोक मोठं होतं. मी गरवायचा बारीक नायलॉनचा तंगूस घातला, वर क्लीनरचा फवारा. पहिल्यांदा त्यांनी धुतला म्हणाले ते काय धुतलं, देव जाणे.

शेवटी स्लो. होडी जेट्टीला पुढे-मागे दोन जाड दोरांनी बांधली, पंख्याच्या आसपास कोणी नाही हे बघितलं, ओढली की मशीन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी मनगटाला. मशीन दहा मिनिटं गरम केलं. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा, फेरे मोजणारा छोटा मीटर मिळतो, तो लावला. सेंटरवाल्यांनी न्यूट्रलला मिनिटाला १३०० फेरे ठेवले होते. गिअरमध्ये टाकून मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव आटा फिरवत, मशीन सगळ्यात गोड वाजेल तिथे थांबलो, मग स्लोचा स्क्रू सोडत सोडत गिअरमध्ये ८५० वर आणलं. प्रत्येक वेळी फिरवल्यावर अर्धा मिनिट थांबा. मी पहिल्यांदा घाई केली आणि आटे विसरलो. स्क्रूला हात लावण्याआधी तो किती आटे आत जातो ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. हे आधी सांगायला हवं होतं.

हिशेब करून पाहिला. गिअर साधारण दोनास एक, म्हणजे मशीनच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक; पंखा ९ इंची पिचचा, म्हणजे एका फेरीत कागदावर ९ इंच पुढे. गिअरमध्ये १२०० फेऱ्यांना पंख्याचे ६००, म्हणजे कागदावर ताशी ८ किलोमीटर. ८५० ला ६ च्या आत. पाण्यात पंखा घसरतो म्हणून खरा वेग त्याहून कमी. ७ इंची पंखा लावला तर साडेचारवर येतं, पण पळण्याचा वेग जाईल. तो विचार पुढच्या मोसमासाठी ठेवलाय.

हाताचीही थोडी चूक होती, कबूल. लाट बसली की अंग हलायचं आणि अंगाबरोबर मूठ. आता कोपर गुडघ्यावर टेकवतो, नुसती बोटं फिरवतो, आणि हँडलखालचा घर्षणाचा स्क्रू किंचित आवळून ठेवतो. जेट्टीला नेहमी प्रवाहाच्या तोंडावर येतो. ओहोटीचं पाणी ताशी ३ किलोमीटरने येत असेल आणि होडी ४ ने जात असेल, तर जेट्टीजवळ ती १ नेच सरकते आणि तरी वळते. शेवटच्या दोन होड्यांच्या अंतरात गिअर दोन सेकंद, मग न्यूट्रल, परत दोन सेकंद.

परवा मेव्हण्याला घेऊन गेलो. येताना तो आधीपासून फळी दोन्ही हातांनी धरून बसला होता. होडी जेट्टीला टेकली तरी त्याने हात सोडले नाहीत.

सकाळी थंड असताना मशीन पहिली पाच मिनिटं अजून कुरकुरतं. त्यासाठी स्क्रूला हात लावत नाही. जेट्टीला बांधून तसंच चालू ठेवतो आणि तोवर गरीला आमिष लावून घेतो.