तुम्ही विचारलंत म्हणून: भूर्जाची साल टाक्याला का चिरते?

‘टाका ओढला की साल फाटते, काय चुकतं?’ अनिशिनाबे या उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या पद्धतीचा मकाक करायला शिकणारे बहुतेक जण हे विचारतात. मकाक म्हणजे भूर्जाच्या सालीचा डबा. तिथल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांच्या परिसरात ते मेपल झाडाच्या रसाची साखर आणि मनोमिन, म्हणजे तिथला जंगली तांदूळ, त्यात ठेवत आले आहेत. तो विणत नाहीत. सालीला घड्या घालून शिवतात.

सालीवरच्या बारीक आडव्या रेघा नीट बघा. साल फाटते ती याच रेघांच्या दिशेनं. आरीनं पाडलेली सगळी भोकं एकाच रेघेवर आली, की तिथे फाटायची ओळच तयार होते. म्हणून रेघेला समांतर शिवण असेल तिथे एक भोक काठाजवळ, पुढचं थोडं आत, असं खालीवर घ्यायचं. मकाकवर दिसणारे लांब-आखूड टाके नुसती नक्षी नव्हे, ते शिवण टिकवतात. घडीही रेघांना समांतर असेल तर तडकण्याची भीती जास्त. आधी गरम पाण्यानं साल मऊ करा आणि सावकाश दुमडा. झाडावर आत असलेली तपकिरी बाजू डब्याच्या बाहेर येते, पांढरी आत.

साल साधारण जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत सहज सुटते. आधी झाडापाशी तंबाखू अर्पण करतात. ही रीत शिकण्याचाच भाग आहे, ती गाळू नये. मग सुरीनं उभी चीर द्यायची, पण फक्त बाहेरच्या सालीपुरती. सुरी आतल्या सालीत घुसली तर झाडाला इजा होते, आणि ती आतली साल खोडाभोवती पूर्ण कापली गेली तर झाड मरतं. हात जड असेल तर आधी पडलेल्या झाडावर सराव करा.

दोरा म्हणजे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची बारीक, लांब मुळं. उकळून वरची साल सोलायची आणि मूळ मधोमध उभं चिरायचं. चीर एका बाजूला सरकून एक अर्धा बारीक होऊ लागला, तर जाड अर्धा जास्त वाकवा; चीर मध्यावर येते. शिवेपर्यंत मुळं पाण्यातच ठेवा, सुकलेलं मूळ टाक्यात मोडतं.

डब्यात पातळ रस ठेवायचा असेल तर कोपरे कापू नका. कागदाच्या द्रोणासारखे दुमडून बाजूला टाचा, म्हणजे तळाशी भोकच राहत नाही. कापलेल्या कोपऱ्यांच्या शिवणीवर राळ, चरबी आणि कोळशाची पूड यांचं गरम मिश्रण फासावं लागतं. चरबी कमी पडली तर थंडीत ते तडकतं, जास्त झाली तर उन्हात ओघळतं.