तुम्ही विचारलंत म्हणून: मी ग्रामपंचायत निवडणुकीचा अर्ज मागे का घेतला

एसटीत, बाजारात, अगदी ब्लाऊजचं माप देता देतासुद्धा, "वहिनी, तुम्ही अर्ज मागे का घेतलात? घाबरलात ना?" विचारणारे बहुतेक गणपतीला आठ दिवस गावी येणारे, आणि मतदार यादीत नाव इकडेच ठेवून मुंबईत लोकशाहीवर बोलणारे. आता एकदाच सांगते, परत विचारू नका.

हो, घाबरले. पण तुम्हाला वाटतं तशी नाही.

आमची ग्रामपंचायत सात जणांची. नावं देवळात ठरतात, प्रत्येक वाडीला तिचा वाटा, मग तेवढेच अर्ज आणि निवडणूक बिनविरोध. 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या, त्यामुळे कुणाच्या तरी मिसेसचं नाव लागतंच, बैठकीला मात्र मिसेस नसते. आमच्या वॉर्डातली जागा महिला राखीव निघाली, ठरलेल्या ताईंचा अर्ज गेला आणि बचत गटातल्या बायकांनी उचकवलं म्हणून मीपण ऑनलाइन अर्ज भरून प्रिंट काढून तहसीलला देऊन आले. एवढंच केलं. बंड वगैरे काही नाही.

माघारीच्या आदल्या रात्री देवळात बोलावणं आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला सभामंडपात बसवलं, खांबाला टेकून, सतरंजीच्या कडेला. गटातल्या बायका बाहेर पायरीवर. मी भांडायच्या तयारीने गेलेले, पण आवाजच कुणी चढवला नाही हो. गावकार काका म्हणाले, "बाय, तुजा हक्क हाय, नाय कोन म्हनत नाय. पन आपल्याला हितंच ऱ्हायचाय." मग कुणीतरी म्हणालं, वहिनींनी माघार घ्यावी असं वाटतं त्यांनी हात वर करा. हात वर झाले. ज्याच्या होडीतून आमची मासळी येते त्याचा, ज्याच्या विहिरीवर मे महिन्यात आम्ही पाणी भरतो त्याचा, आणि शेवटी आमच्या ह्यांचा. त्यांचा हात कानाच्या वर गेला नाही, पण गेला. पायरीवरच्या बायकांना कुणी विचारलंच नाही.

आता तुम्ही म्हणाल कायदा आहे. आहे ना, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा, 2016 चा, गटात मीच वाचून दाखवला होता. पण तक्रार कशाची करू? वाळीत टाकतो असं कुणी म्हणालंच नव्हतं. 2021 मध्ये नाशिकमधल्या उमराण्याची आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्द केली, सरपंचपदाचा लिलाव झाला म्हणून. आमच्याकडे रुपया फिरला नाही. चहासुद्धा झाला नाही त्या रात्री.

दुसऱ्या दिवशी पावणेतीनला तहसीलमध्ये होते. तीनला मुदत संपणार, मग चिन्हं वाटणार, मी शिलाई मशीन मागायचं ठरवलेलं. टेबलावरचं पेन दोरीने बांधलेलं आणि दोरी इतकी आखूड की वाकून सही करावी लागली. साहेबांनी विचारलं, "स्वखुशीने ना?" मी हो म्हटलं. ते हो मला अजून झोपेत ऐकू येतं.

गटात मीच शिकवायचे, मशीनच्या पडद्याआड फक्त तुम्ही असता, कुणाला कळत नाही, कुणीच पटलं नाही तर 2013 पासून नोटाचं बटण आहे. तेव्हाच्या मला आता विचारावंसं वाटतं, अगो पण त्या पडद्यापर्यंत पोचायचं कसं? तीन वाजेपर्यंतचं सगळं उघड्यावरच असतं. आणि बिनविरोध झालं की मशीनच येत नाही, मग नोटा कुठून दाबणार.

पण ती तेव्हाची मी गप्प बसत नाही. म्हणते, तू सही केली नसतीस तर पडदा आला असता, पायरीवरच्यांनी दाबलं असतं बटण. खरंय. पण ती ते चार शिमगे विसरते ना. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी दोन पॅनलं उभी राहिली, जोरात मतदान झालं, आणि पुढे चार शिमगे ग्रामदेवतेची घरोघर फिरणारी पालखी आमच्या वाडीत आली नाही. सासरे त्याच काळात गेले, तिरडीला खांदा द्यायला माणसं शेजारच्या गावातून आणली. बिनविरोधची पद्धत त्यानंतर पडली, ती काय नुसती दादागिरी म्हणून नाही. त्या रात्री हात वर करणाऱ्यांतल्या निम्म्यांना तेच आठवत असणार. मलाही.

निवडून आलेल्या ताई चांगल्या आहेत. सह्या त्यांचे मिस्टर सांगतात तिथे करतात, पण नळाचं काम झालं. माझ्याच्याने झालं असतं की नाही, देव जाणे.

त्या वर्षी शिमग्याला पालखी दारात आली. अंगणात नाचवली, मी ओटी भरली, गाऱ्हाणं घातलं त्यात नाव ह्यांचं घेतलं, नेहमीसारखं. पालखी आली म्हणून मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं, रडले पण. आणि त्याचाच राग येतो.